फॅशिया हाताने शिकायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आम्ही दोघी फिजिओथेरपिस्ट मिळून फॅशिया हाताने ओळखायला शिकवणारा दोन दिवसांचा छोटा वर्ग घेतो. त्याबद्दल फोनवर येणारे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत.

फॅशिया म्हणजे नेमकं काय? त्याला मराठीत शब्द आहे का?

परिभाषेत 'प्रावरणी' असा शब्द आहे. आजवर एकाही ओपीडीत तो माझ्या कानावर आलेला नाही. वर्गात आम्ही फॅशियाच म्हणतो आणि पेशंटशी बोलताना 'पापुद्रा'. मटण साफ करताना मांसावरून जी पांढरी, चिवट, निसरडी झिल्ली ओढून काढतो, ती आठवा. सुरीला दाद देत नाही आणि शिजली तरी दातात अडकते, तीच.

माणसात कातडीखाली आधी चरबी धरून ठेवणारा सैल थर येतो. तो उथळ फॅशिया. त्याखाली स्नायूंना लपेटणारा घट्ट थर म्हणजे खोल फॅशिया. मांडीभोवतीचा फॅशिया लाटा आणि कमरेतला थोरॅकोलंबर फॅशिया ही त्याची ठळक ठिकाणं. हे आवरण पुढे स्नायूच्या आत शिरतं, त्याच्या जुड्या बांधतं आणि शेवटी एकेका तंतूला वेढतं. बांधणी मुख्यतः कोलॅजनची. थर एकमेकांवर घसरावेत म्हणून मधे हायल्युरोनन नावाचं वंगण असतं.

व्याख्येवरून अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते कापून वेगळी काढता येईल अशी चादर तेवढाच फॅशिया. काही जण सगळ्या जोडऊतींच्या जाळ्याला ते नाव देतात. आम्ही पहिली बाजू धरतो. दुसरीत इतकं काही मावतं की हाताखाली काय लागलं हे सांगणंच अवघड होतं.

कॉलेजात ॲनाटॉमी झाली आहे. पुन्हा कशाला?

तुम्ही डिसेक्शन हॉलमध्ये फॅशियाचं काय केलंत ते आठवा. आम्ही तर बादलीत टाकला. 'क्लीन करा' म्हणजे स्नायू आणि नसा स्वच्छ दिसेपर्यंत वरचं सगळं खरवडून काढा, असा अर्थ होता. दोन दिवस मांडी साफ केली, आणि जे काढून फेकलं त्याचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलं.

दुसरी अडचण फॉर्मॅलिनची. त्याने ऊती टिकतात, पण कडक होतात आणि थर एकमेकांना चिकटतात. जिवंत माणसात जे घसरतं ते टेबलावर वाळल्या चामड्यासारखं हाताला लागतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये मऊ राखणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सांधे वाकतात, थर हलतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र फॉर्मॅलिनच आलं.

या संदर्भात सुश्रुताची आठवण निघतेच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे की प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात बुडवावं आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत एकेक थर पाहावा. सुरीने आपण सरळ खाली उतरतो, कुंच्याने थरांत फिरतो. थर शिकायचे तर ही युक्ती मला आजही पटते. त्याच ग्रंथातली 'मांसधरा कला' (मांस धरून ठेवणारा पडदा) म्हणजेच फॅशिया, असं ठणकावून सांगणारे भेटतात. साम्य आहे, इतकंच मी म्हणेन.

वर्गात मृतदेहावर काम असतं का?

नाही. महाराष्ट्रात १९४९ चा शरीरशास्त्र कायदा लागू आहे आणि मृतदेहाचं विच्छेदन मान्यताप्राप्त संस्थेतच होतं. गावातल्या सभागृहात ते करता येत नाही, करूही नये. ज्यांना खरंच पाहायचं आहे त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ॲनाटॉमी विभागाला लेखी विनंती करावी. विदर्भात अशी महाविद्यालयं बरीच आहेत: सेवाग्रामचं १९६९ चं, नागपूरचं त्याहून जुनं, शिवाय सावंगी, यवतमाळ, अमरावती, अकोला, चंद्रपूर. परवानगी देणं न देणं त्यांच्या हाती. मिळाली तर मोबाइल बाहेर ठेवून आत जा.

देहदानाबद्दलही लोक विचारतात. हयातीत फॉर्म भरता येतो, पण मृत्यूनंतर महाविद्यालयाला कळवणं आणि संमती देणं नातेवाइकांच्याच हाती असतं. म्हणून फॉर्म कपाटात न ठेवता घरात बोलून ठेवा. पोलीस केस असेल तर देह सहसा स्वीकारत नाहीत.

मग हाताला नक्की काय मिळतं?

तीन गोष्टी: संत्रं, बकऱ्याची मांडी आणि शेजारी बसलेला माणूस.

संत्र्याचा दाखला जगभर देतात: साल म्हणजे कातडी, पांढरा भाग म्हणजे फॅशिया, फोडींची आवरणं म्हणजे आतले पडदे. पण तो देणाऱ्यांनी आपलं नागपुरी संत्रं बहुधा सोललेलं नसावं. त्याची साल सैल असते, अंगठा घातला की सुटते. मोसंबीची साल मात्र गराला धरून बसते. आम्ही दोन्ही सोलायला देतो. अंगावर दोन्ही प्रकार आहेत. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत उचला, ती संत्र्यासारखी सहज येते. आता तळव्यावर करून पाहा. तिथे तिला खाली बांधून ठेवणारे उभे तंतू आहेत, म्हणून उचलत नाही, आणि म्हणूनच पऱ्हाटी उपटताना मुठीत कातडी फिरत नाही. हे वाचून कळतं, पण सालीने समजतं.

मग मांडी. खाटकाला आदल्या दिवशी सांगावं लागतं: मागची मांडी, तुकडे न करता, पडदा न काढता. तो विचारतो, "मॅडम, पाहुणे किती?" एवढ्या वर्षांत त्याला खरं कारण पटलेलं नाही. पहिला तास सुरी द्यायचीच नाही असा आमचा नियम आहे. बोटांनी दोन स्नायूंमधली वाट शोधायची. काही ठिकाणी कापसासारखे तंतू ताणून तुटतात आणि वाट मिळते. काही ठिकाणी पडदा थेट हाडापर्यंत जातो, तिथे बोट थांबतं. स्नायू आकुंचन पावला की त्याचा ओढा शेजाऱ्याला कुठून मिळत असेल, ते या थांबण्यात दिसतं. एक सावधगिरी: उचलून ताणल्यावर दिसणारं ते कोळिष्टक जिवंत शरीरात तसंच असतं असं धरून चालू नका. त्याचा काही आकार आपल्या ओढण्यातूनच तयार होतो.

दुपारनंतर एकमेकांच्या अंगावर. पोटरीवर हात ठेवायचा, आधी फक्त कातडी सरकवायची, मग तिच्याखालचा थर, मग स्नायू, आणि प्रत्येक वेळी तोंडाने सांगायचं की आता मी कुठे आहे. ज्याची पोटरी आहे तो हो किंवा नाही म्हणतो. बहुतेकांचा हात गरजेपेक्षा खोल जातो, आमचाही जायचा.

मी माळकरी आहे. मटणाला हात लावणार नाही.

लावू नका. तुमच्यासाठी केळीचा खुंट असतो. त्याचे पापुद्रे एकावर एक घसरतात, आत हवेच्या पोकळ्या दिसतात, तंतू लांबच लांब निघतात. मांडीची सर त्याला नाही हे खरं, पण थर ओळखण्याची सवय लागते. मांडीचं टेबल मागच्या पडवीत असतं आणि स्वयंपाक वेगळा, शाकाहारी.

वर्गाला कोण येऊ शकतं?

फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, नर्सताई, आयुर्वेदाचे डॉक्टर, योगशिक्षक, शाळांतले क्रीडाशिक्षक. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यामुळे आपल्या भागात व्यायाम शिकवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे आणि वर्गातले सगळ्यात अवघड प्रश्न बहुतेक त्यांच्याकडूनच येतात. आखाड्यातले वस्तादही आले आहेत. एकदा हाडवैद्यकी करणारे एक काका आले. पहिल्या दिवशी गप्प होते. दुसऱ्या दिवशी पोटरीवरच्या सरावात त्यांचा हात सगळ्यांत हलका निघाला.

फॅशिया 'मोकळा' करता येतो का? तुम्ही ते शिकवता का?

इथे थोडं थांबावं लागेल.

२००८ मध्ये एका गणिती अभ्यासात हिशेब मांडला गेला: हाताने दाबून फॅशियाचा आकार किती बदलतो? नाकाजवळचा पातळ फॅशिया दाद देतो. पण तळपायाचा फॅशिया आणि मांडीचा फॅशिया लाटा यांत नुसता १ टक्का दाब आणि १ टक्का सरक यायला ८५० किलोंहून जास्त भार लागतो. कापसाची एक गाठ १७० किलोंची. म्हणजे पेशंटच्या मांडीवर पाच गाठी ठेवायच्या आणि वर तिरका जोरही लावायचा. अंगठ्याने हे होणार नाही, कोपरानेही नाही.

तरी हाताखाली काहीतरी सैल होतं, हे आपण रोज अनुभवतो आणि पेशंटही सांगतो. तो अनुभव खोटा नाही. त्यावर लावलेली गोष्ट कच्ची आहे. फॅशियात मज्जातंतूंची टोकं भरपूर आहेत. हळू, टिकवलेल्या दाबाने मज्जासंस्था स्नायूचा ताण कमी करते, वेदना सहन करण्याची पातळी बदलते, थरांमधलं वंगण ऊब आणि हालचाल मिळाल्यावर पातळ होतं. ही कारणं 'गाठ फोडली'पेक्षा पटण्यासारखी आहेत. म्हणून 'फॅशिया तोडला', 'चिकटलेलं सोडवलं' ही भाषा आम्ही वापरत नाही. पेशंटला ऐकायला ती आवडते, पण घरी गेल्यावर तो स्वतःला चिकटलेला माणूस समजू लागतो आणि वाकायला घाबरतो.

तक्त्यांवर दाखवतात त्या, फॅशियाने जोडलेल्या स्नायूंच्या डोक्यापासून पायापर्यंतच्या साखळ्या खऱ्या आहेत का?

काही आहेत, काही नाहीत. २०१६ मध्ये विच्छेदनाच्या अभ्यासांचा मोठा आढावा झाला. तळपायापासून पोटरी आणि मांडीमागून पाठीकडे जाणारी साखळी, तसंच पाठीमागची आणि पुढची तिरकी अशा दोन, या तिन्हींना भक्कम पुरावा मिळाला. गुंडाळी मारत जाणाऱ्या आणि बाजूच्या साखळीला मध्यम. शरीराच्या पुढच्या बाजूच्या उथळ साखळीला काहीच नाही. तरी तीच साखळी रंगीत तक्त्यांवर तितक्याच ठळकपणे छापलेली असते. शिवाय दोन रचना जोडलेल्या आहेत म्हणून एकीचं दुखणं दुसरीत जातंच, असंही नाही.

कापूस वेचणाऱ्या बायांच्या कंबरेला याचा काय उपयोग?

याच प्रश्नासाठी वर्ग सुरू केला म्हणा ना.

दिवाळीनंतर ओपीडीत एकच वाक्य ऐकू येतं: "मॅडम, माही कंबर धरली, वाकताच येत नाई वो." कमरेला बांधलेल्या फडक्यात कापूस भरत जातो, खालच्या बोंडांसाठी दिवसभर अर्धं वाकणं, त्यात एक हात सतत पुढे. घरच्या गड्याच्या पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप आणि त्याचा एक हात दांड्यावर. दोघांचीही 'नस दबली' असं गावात कुणीतरी आधीच सांगून टाकलेलं असतं.

थोरॅकोलंबर फॅशियाचा मागचा थर हाताने एकदा नीट समजला की या पाठीकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. एका बाजूचा लॅटिसिमस डॉर्सी (पाठीतून दंडाकडे जाणारा रुंद स्नायू) आणि दुसऱ्या बाजूचा ग्लुटियस मॅक्सिमस (कुल्ह्याचा मोठा स्नायू) या थरातून एकमेकांकडे ओढ धाडतात. मग ज्या हाताने वेचते त्याच्या विरुद्ध बाजूचं कुल्हं तपासावं, हे सुचतं. हा थर दुखण्याचा उगमही असू शकतो. एका प्रयोगात तीव्र मिठाचं पाणी पाठीच्या स्नायूत आणि या फॅशियात टोचून पाहिलं, तेव्हा फॅशियातली कळ जास्त वेळ टिकली आणि जास्त भागात पसरली. दुसऱ्या एका अभ्यासात सोनोग्राफीवर दिसलं की जुनी कंबरदुखी असलेल्यांत या थरांचं घसरणं साधारण २० टक्के कमी होतं. दुखण्यामुळे घसरणं कमी झालं की उलटं, ते त्यातून ठरत नाही.

आमच्या हाताळणीला त्यामुळे दहा मिनिटं. उरलेला वेळ हालचालीला: तासातासाला ओळीच्या टोकाशी उभं राहून मागे वाकणं, फडकं अर्धं भरलं की रिकामं करणं, गुडघे आणि कुल्ह्यातून वाकणं, हात बदलणं. "हात बदलला तं वेचनं कमी होते," असं एका मावशीने ऐकवलं. किलोवर मजुरी असल्यावर तिचं बरोबरच आहे. तिच्याशी तडजोड झाली, फडकं लवकर रिकामं करण्यावर.

कुठल्या पेशंटवर हे करू नये?

आपल्या भागापुरतं सांगते, कारण पुस्तकांतल्या याद्या दुसऱ्या मुलखाच्या असतात.

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भात तो भरपूर आहे आणि त्याची कळ हातपाय, पाठ, छाती कुठेही येते. तरुण पोराच्या मांडीत रात्रीतून जीवघेणं दुखायला लागलं, ताप आहे, डोळे पिवळट आहेत, तर मालिश नाही, दवाखाना. अशाच पोराचं कुल्हं महिनोन्‌महिने दुखत असेल तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. एक्स-रे आधी.

हत्तीरोग. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली, सगळीकडे पेशंट आहेत. ऊतींमधलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या लिंफच्या बारीक वाहिन्या उथळ फॅशियातच असतात. सुजलेल्या पायावर खोल दाब देऊन त्यांचं भलं होत नाही. तिथे पाय धुणं, बोटांमधल्या चिरा सांभाळणं आणि पाय उंच ठेवणं यांचं मोल हाताळणीपेक्षा कितीतरी जास्त.

सर्पदंश. गुडघ्याखालच्या पायात फॅशियाचे चार बंद कप्पे आहेत आणि त्यांच्या भिंती ताणत नाहीत. घोणस चावल्यावर किंवा हाड मोडल्यावर आत सूज चढली तर रक्तपुरवठाच दाबला जातो. पोटरी दगडासारखी, दुखणं जखमेच्या मानाने फार जास्त, पायाची बोटं नुसती ताणली तरी किंचाळी. ही तासांची गोष्ट आहे. शस्त्रक्रियेने फॅशिया उभा चिरून कप्पा मोकळा करावा लागू शकतो. फॅशिया खरोखर 'मोकळा' होतो तो इथे, आणि ते काम सर्जनचं.

एकाच पोटरीला अचानक सूज आणि ऊब असेल, विशेषतः बाळंतीण किंवा बरेच दिवस खाटेवर असलेला माणूस, तर शिरेत रक्ताच्या गुठळीची शंका घ्या. आणि हात फिरवताना एखाद्या फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नाही असं निघालं, तर कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. लवकर सापडला तर औषधाने पूर्ण बरा होतो. थर ओळखायला शिकलेल्या हाताला असं काही आपसूक सापडतं.

फोम रोलर (अंगाखाली फिरवायचा फोमचा लोड) घ्यावा का?

गरज नाही. पायाखाली टेनिसचा चेंडू आणि पोटरीला लाटणं पुरे. आखडलेपणा थोडा वेळ कमी वाटतो. त्या वेळात व्यायाम उरकून घ्या.

सर्टिफिकेट मिळतं का? त्यावर प्रॅक्टिस करता येईल का?

हजेरीचा कागद मिळतो. त्याने कुणी थेरपिस्ट होत नाही. फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करायला पदवी आणि राज्याच्या परिषदेकडची नोंदणी लागते. कागद फ्रेम करून बोर्डाशेजारी लावलेला आम्हाला दिसला, तर आम्ही येऊन चहा पितो आणि काढायला लावतो.

वर्ग कधी असतो, आणि यायचं कसं?

वर्षातून दोनदा: पोळ्याच्या आगेमागे आणि संक्रांत उलटल्यावर. एप्रिल-मेमध्ये मुळीच नाही. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत घामेजल्या हाताला थर लागत नाहीत, आणि लाइट जाते ते वेगळंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्ग पडला तर संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात जातो. हळद आणि तूप लावून बैलांचे खांदे शेकतात ते पाहायला. जुवाखाली जाड झालेली कातडी, तिच्यावरून सावकाश फिरणारा तळहात, आणि बैल मान खाली टाकतो. कुणीही त्याला काही समजावून सांगितलेलं नसतं.

पुलगाव स्टेशनवर उतरा, तिथून आर्वीची एसटी. शकुंतला रेल्वेची वाट पाहू नका, ती केव्हाच बंद पडली. राहण्याची सोय घरगुती आहे. सकाळी तर्री-पोहे, रात्री पाटवडी आणि भाकर.

सोबत काय आणायचं?

जुनी चादर, सैल कपडे, हाफपँट. बायकांची आणि पुरुषांची सरावाची खोली वेगळी आहे आणि कुणालाही नको असलेल्या ठिकाणी हात लावू दिला जात नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ घरी ठेवा. तेल आणू नका, तेलात कातडी आणि तिच्याखालचं यांतला फरक हाताला कळत नाही. आणि नखं कापून या. मागच्या वेळी सहा जणांना आम्ही नेलकटर दिलं, परत पाचच आले.